वेताळ, बत्तीस पुतळ्या आणि मध्येच अडकणारे खेळ

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भुताखेतांच्या गोष्टी वाचाव्यात, ही गोष्ट आपल्याकडे जरा लाजिरवाणीच मानली जाते. कला शाखेच्या मुलाने त्या वाचल्या तर त्याला अभ्यास म्हणतात. आम्ही वाचल्या की तो पोरखेळ ठरतो. त्यातून तो मुलगा संगणकावर साहसाचे खेळ खेळणारा असला तर मग बोलायलाच नको. 'याला ताळेबंद जुळवता येत नाही, राक्षस मात्र मारता येतात,' असा शेरा आमच्या वर्गात एकदा ऐकू आला होता. शेरा झकास होता, हे कबूल केलेच पाहिजे. पण शेरा म्हणजे काही युक्तिवाद नव्हे. प्रस्तुत लेखात या दोन्ही व्यसनांची बाजू मांडावयाची आहे. सरसकट मात्र नव्हे, कारण दुसऱ्या व्यसनाबद्दल माझी स्वतःचीच मोठी तक्रार आहे.

प्रथम पुस्तकांविषयी. हल्लीचे माझे मित्र सात-सात, दहा-दहा भागांच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्या वाचतात. मीही त्यांतल्या काही वाचल्या. पण माझी सर्वांत आवडती मालिका कोणती असे विचाराल तर मी वेताळाचेच नाव घेईन. आजोळी माळ्यावर 'चांदोबा'चे जुने अंक होते आणि शेजारच्या घरी कन्नड 'चंदमामा'चे. मद्रासहून १९४७ साली निघालेले हे मासिक पुढे अनेक भाषांत निघू लागले. आता ते बंद पडून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. मराठी अंकात वेताळ, कन्नड अंकात बेताळ. चित्र मात्र एकच. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि मागे ते झाड. ते काढणारे चित्रकार शंकर २०२० साली वारले. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले. शाळेतले कन्नड पुस्तक मला जे शिकवू शकले नाही, ते या दोन अंकांनी शेजारी शेजारी ठेवून वाचताना शिकवले. गोष्ट आधीच ठाऊक असली की परकी लिपी निम्मी सोपी होते. तेव्हा 'असल्या वाचनाचा उपयोग काय' या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर अगदी रोखीचे आहे.

दुसरे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल. अद्भुत कथेत वाटेल ते घडते, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. वेताळाच्या गोष्टीतले कायदे पाहा. राजाने प्रेत न बोलता न्यायचे. बोलला की वेताळ परत झाडावर. पण उत्तर ठाऊक असूनही मुद्दाम गप्प राहिला तर डोक्याची शकले होतील. म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी! यातून सुटायला एकच वाट उरते, ती म्हणजे उत्तर खरोखरच ठाऊक नसणे. बाप आणि मुलगा एका आई-मुलीशी लग्न करतात, बापाला मुलगी मिळते आणि मुलाला आई. त्यांच्या मुलांचे आपसांतले नाते काय? राजा विचारात पडतो, गप्प राहतो आणि नेमका त्यामुळेच जिंकतो. चोवीस वेळा ज्ञानाने हरलेला माणूस पंचविसाव्या वेळी अज्ञानाने पुढे जातो! हा चमत्कार आहे, पण तो कायद्याच्या चौकटीत घडलेला चमत्कार आहे. कथाकाराने मध्येच एखादा देव आणून राजाला सोडवले असते तर आपण मासिक भिरकावून दिले असते. प्रेत बोलते हे वाचक मान्य करतो; प्रेताने नियम मोडलेला मात्र त्याला खपत नाही.

जाता जाता सांगतो, विक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उज्जैन येते. पण सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. मराठी माणसाने या गोष्टीवर हक्क सांगायला हरकत नाही. तो आपण सांगितलेलाही आहे. मराठीत पुस्तके छापली जाऊ लागली त्या अगदी आरंभीच्या काळात, १८१४ साली, बंगालमधील श्रीरामपूरला वैजनाथ शर्मा यांची 'सिंहासन बत्तिशी' मोडी लिपीत छापली गेली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळ पंचविशी' १८३० सालची. ज्या भाषेचे छापील गद्य पुतळ्या आणि वेताळ यांचे बोट धरून चालायला शिकले, त्या भाषेच्या प्राध्यापकांनी या पुस्तकांना बालविभागाच्या कपाटात टाकावे हे मला पटत नाही.

आता धारकडे वळतो. बत्तीस पुतळ्यांची गोष्ट धारच्या भोजाची. विक्रमाचे सिंहासन जमिनीत गाडले गेले आहे. वर शेत आहे आणि शेतात एक माचा. माच्यावर चढले की शेताचा मालक उदार होतो, खाली उतरला की पुन्हा कंजूष. (हा अनुभव परीक्षा मंडळाच्या सभेपूर्वी आणि सभेनंतर आम्हीही घेतला आहे; असो.) भोज तिथे खणून सिंहासन काढतो, धारेला आणतो आणि बसायला जातो, तोच पहिली पुतळी बोलते: विक्रमासारखे औदार्य तुझ्या अंगी असेल तरच बस. गोष्ट संपते, राजा मागे सरतो. दुसऱ्या खेपेला दुसरी पुतळी. असे बत्तीस वेळा. संगणकावर साहसाचा खेळ खेळलेल्या कोणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल. बत्तीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक राखणदार, आणि अपयश आले की मागे.

पण खरी मौज गोष्टीबाहेर आहे. इतिहासातला भोज परमार, ज्याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेवर राज्य केले, त्याच्या नावावर 'समरांगण सूत्रधार' नावाचा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी १९२४-२५ साली तो दोन खंडांत संपादित केला. त्यातील एक संपूर्ण अध्याय यंत्रांवर आहे. आपोआप हलणाऱ्या बाहुल्या, दारावर उभे राहणारे यंत्राचे द्वारपाल, पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी, सगळे त्यात आहे. पुतळ्यांनी ज्या राजाला अडवले असे लोक सांगत आले, तो राजा पुतळ्या हलवायच्या कशा याचा ग्रंथकार म्हणून ओळखला जातो, हा योगायोग मला तरी भारी वाटतो. लाकडी पक्षी खरोखर उडाला असेल असा माझा दावा नाही. यंत्रांची घडण पूर्णपणे सांगितलेली नाही आणि ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, असे ग्रंथकार स्वतःच म्हणतो. व्यापारी गुपित म्हणजे काय, हे आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा त्याने थोडक्यात सांगितले आहे!

या अध्यायात चांगल्या यंत्राचे गुण दिले आहेत. मला त्यांतले काही फार महत्त्वाचे वाटतात. सांधे नीट जुळलेले असावेत. यंत्र ढिले नसावे आणि ताठरही नसावे. आवाज अभिप्रेत नसेल तेथे आवाज करू नये. चालावयाचे तेव्हा चालावे, थांबावयाचे तेव्हा थांबावे. आतली रचना बाहेरून दिसू नये. गती अडखळू नये. आणि ते दीर्घकाळ टिकावे. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला देवळे किंवा कारंजी आठवली नाहीत. मला आठवला तो गेल्या दिवाळीच्या सुटीत विकत घेतलेला एक साहसाचा खेळ. त्याचे नाव येथे देत नाही. या यादीतला एकही गुण त्यात नव्हता.

त्यात एक म्हातारा होता. त्याने किल्ली द्यायची, किल्लीने भुयार उघडायचे. मी भुयाराशी आधी गेलो आणि म्हाताऱ्याला नंतर भेटलो. म्हातारा म्हणाला, 'किल्ली तर तुला दिली.' दिलेली नव्हती. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. तीन दिवसांचा खेळ तिथे संपला. मित्राच्या खेळात नायक भिंतीत अर्धा शिरून तिथेच धावत राहिला. तिसऱ्याच्या बाबतीत राक्षस मेला, पण मेल्याचे खेळाला कळलेच नाही. मुले याला 'बग' म्हणतात आणि हसून सोडून देतात.

असे का होते हे समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यामागे साधे गणित आहे. खेळ प्रत्येक घटनेपुढे एक खूण ठेवतो: झाली किंवा नाही झाली. किल्ली मिळाली का, म्हातारा भेटला का, पूल तुटला का. अशा दहा खुणा असल्या तर त्यांच्या वेगवेगळ्या १,०२४ अवस्था संभवतात. वीस असल्या तर १०,४८,५७६. आणि आपल्या पुतळ्यांइतक्या, म्हणजे बत्तीस खुणा मोकळ्या सोडल्या तर ४२९ कोटींहून अधिक! एवढ्या सगळ्या अवस्था कोणी तपासून पाहणार नाही. खेळणारा मात्र नेमका न तपासलेल्या अवस्थेत जाऊन उभा राहतो. बत्तिशीच्या कथाकाराने पुतळ्या क्रमाने बोलत्या केल्या. दुसरी बोलल्याखेरीज तिसरी बोलत नाही. म्हणून त्याला ४२९ कोटी नव्हे, फक्त तेहतीस अवस्था सांभाळाव्या लागल्या. जुन्या गोष्टी साध्या असतात म्हणून आपण नाक मुरडतो. त्या साध्या नव्हत्या, आवाक्यात ठेवलेल्या होत्या.

तेव्हा एखाद्या लहान मंडळीने चार-पाच जणांत खेळ बनवला आणि त्यात एखादा म्हातारा किल्ली विसरला, तर माझी तक्रार नाही. गणितच तसे आहे. तक्रार आहे ती माल तयार नाही हे ठाऊक असून तो बाजारात आणणाऱ्या मोठ्या कंपन्यांविषयी, आणि त्याहून अधिक आपल्या सोसण्याविषयी.

येथे देवास येते. धारप्रमाणेच देवासही पवार घराण्याचे मराठी संस्थान; तेही एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन. आजच्या वाणिज्य विद्यार्थ्याला देवास ठाऊक असते ते नोटा छापण्याच्या कारखान्यामुळे. संगीतप्रेमींना ते ठाऊक असते कुमार गंधर्वांमुळे. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमारजी १९४८ साली क्षयाच्या उपचारासाठी देवासला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. पण देवासला आणखी एक पाहुणा येऊन गेला होता. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार प्रथम १९१२-१३ च्या भारतभेटीत तेथे आला आणि १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. त्या दिवसांवर त्याने १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. हे इंग्रजीच्या प्राध्यापकांना ठाऊक आहेच. मला सांगायचे आहे ते वेगळे. याच फॉर्स्टरने केंब्रिजला दिलेल्या आणि १९२७ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत एक संपूर्ण व्याख्यान अद्भुतावर आहे. अद्भुत कथा वाचकाकडून काहीतरी जादा मागते, असे त्याचे म्हणणे. जत्रेत आत शिरायचे तिकीट एक आणि आतल्या खास तंबूचे वेगळे, तसे. काही लोक जादा पैसे आनंदाने देतात, काही चिडतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अद्भुताची याहून सोयीची व्याख्या मिळणार नाही.

आणि देवासला येण्यापूर्वी, १९०९ साली, याच गृहस्थाने 'द मशीन स्टॉप्स' ही कथा लिहिली. माणसे जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात. बोलणे, संगीत, अन्न, अंथरूण सगळे एक प्रचंड यंत्र पुरवते. मग ते यंत्र हळूहळू बिघडू लागते. संगीतात खरखर येते. अंघोळीच्या पाण्याला वास येऊ लागतो. लोक आधी तावातावाने तक्रारी करतात. दुरुस्तीखाते म्हणते, पाहतो. काही दिवसांनी तक्रारी थांबतात. बिघाड दूर झाला म्हणून नव्हे, लोकांना त्याची सवय झाली म्हणून. ही कथा मी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही, कारण आमच्या वसतिगृहात नेमके हेच चालते. 'अरे, ती गेम तिथे अडकतेच, दर दहा मिनिटांनी सेव्ह करत जा,' हे आम्ही एकमेकांना किती सहज सांगतो! बिघाड हा नियम झाला आणि आम्ही त्याभोवती रस्ता बांधला. खेळाच्या बाबतीत यात विशेष बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. पण परीक्षा-अर्जाचे संकेतस्थळ शेवटच्या दिवशी बंद पडले, बँकेचे यंत्र रक्कम न देता खात्यातून वजा करू लागले, तरी आम्ही त्याच सुरात 'रात्री बारानंतर करून बघ' म्हणतो. हा सूर आम्ही खेळांत गिरवला आहे, असे मला वाटते.

आमच्या अभ्यासक्रमातच याला उत्तर आहे, पण तेथे ते केवळ गुण मिळवण्यासाठी वाचले जाते. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात विक्रीयोग्य दर्जाची गर्भित अट आहे. संगणकाची तयार प्रणाली हा 'माल' आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात दिला. तो विक्रीकराच्या प्रश्नावर होता हे खरे. पण सरकारने कर घेताना जो माल ठरतो, तो गिऱ्हाईकाने तक्रार करताना माल का ठरू नये? यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते: आम्ही खेळ विकतच नाही, वापरण्याचा परवाना देतो. तो परवाना मान्य असल्याचे आपण सगळ्यांनी न वाचता दाबलेले असते. भोजाच्या सिंहासनाशी निदान पुतळी अट मोठ्याने वाचून तरी दाखवत होती.

ओरड केली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये जुन्या यंत्रांवर इतका सदोष निघाला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत देऊ केले. तो पुन्हा दुकानात आला जून २०२१ मध्ये.

गंमत अशी की ही कंपनी मोठी झाली होती ती एका अद्भुत पुस्तकमालेवर. आंद्रेय सापकोव्स्की हा अर्थशास्त्र शिकलेला आणि परदेशी व्यापाराच्या एका कंपनीत विक्री-प्रतिनिधी असलेला पोलिश गृहस्थ. म्हणजे जवळजवळ आपल्याच शाखेचा! 'फान्तास्तिका' या मासिकाच्या स्पर्धेसाठी त्याने एक राक्षस मारणाऱ्या भाडोत्री वीराची कथा लिहिली. ती १९८६ साली छापून आली आणि तिला तिसरे बक्षीस मिळाले. साहित्य त्याच्या घरचेच होते: स्लाव लोककथा, आजीबाईच्या भुतांची नावे, आणि भाषा पोलिश. पुढे मालिका झाली, खेळ झाले, जगभर खपले. खेळाचे हक्क मात्र त्याने टक्केवारीऐवजी एकरकमी पैसे घेऊन दिले होते, कारण खेळातून काही मिळेल यावर त्याचा विश्वास नव्हता. २०१८ साली त्याने सहा कोटी झ्लॉटी मागितले आणि २०१९ च्या अखेरीस नवा करार झाला. प्रतिभेचा ताळेबंद कसा चुकतो, याचे याहून चांगले उदाहरण मी आमच्या हिशेबशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेले नाही.

पोलिश भाषेला जे जमले ते मराठी-कन्नडला का जमू नये? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा साहसाचा खेळ २०२० साली बाजारात आणला. राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाच्या शोधात निघते. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली तेव्हा लक्ष्य गाठता आले नव्हते. तरी खेळ पुरा केला. असले आणखी दहा व्हायला हवेत. त्यासाठी लागणारे भांडवल उभे करणे आम्हा मुलांच्या हातात नाही. पण कथेचे भांडवल तर धार, उज्जैन आणि पैठणला पडून आहे.

आमच्या हातात काय आहे तेवढे सांगून थांबतो. माझ्याजवळ 'चांदोबा'चे एकोणीस अंक आहेत आणि शेजारच्या अज्जींनी 'चंदमामा'चे अकरा देऊ केले आहेत. ग्रंथपाल सरांनी ते बांधून घेऊन खुल्या मांडणीवर ठेवावेत. बालविभागात नव्हे, अशी त्यांना विनंती आहे. दुसरे असे, की संगणक विभागातील दोघांनी बत्तिशीचा एक साधा शब्दांचा खेळ करून बघायचे ठरवले आहे. चित्रे नाहीत, नुसता मजकूर; मराठीत आणि कन्नडमध्ये. अवस्था तेहतीसच. पहिल्या तीन पुतळ्यांचे मराठी लिहून झाले आहे. कन्नड विभागातील ज्या कोणाला चौथीपासून पुढे हात लावायचा असेल त्याने किंवा तिने सोमवारी मधल्या सुटीत वाचनालयात यावे. खेळ कुठे अडकतो हे शोधायलाही माणसे हवीत.